काटा चुकत होता

अहिल्यानगर, रविवार

प्रिय वृषाली,

तू पीएचडी अर्धवट टाकून पारनेरला गेलीस, त्याला वर्ष झालं. प्रयोगशाळेच्या त्या शेवटच्या बैठकीत तू म्हणालीस, "सर, ह्यो वजनकाटा लई दिसांपासून चुकतोय." तुझ्या बोलीला सगळे हसले. मी तुझा गाईड, पण मीही हसलो आणि वर म्हणालो, "इंग्लिशमध्ये सांग." तू खाली बसलीस.

काटा खरंच चुकत होता. मातीच्या सगळ्या नमुन्यांची वजनं आम्ही पुन्हा घेतली. तुझं बरोबर होतं, हे मात्र मी कुणाला सांगितलं नाही.

परवाच्या बैठकीत सांगितलं, तुझं नाव घेऊन. यापुढे ज्याने त्याने आपल्या भाषेत बोलावं, असंही ठरवलं. तेव्हा कोपरगावची नवी विद्यार्थिनी राजनंदिनी पहिल्यांदाच उठली. "सर, तुमचा हा आलेख मला पटत न्हाई," म्हणाली. कुणी हसलं नाही. तपासलं, तर तिचंच खरं निघालं.

तुझी नोंदणी अजून चालू आहे. परत यायचं की नाही, ते तू ठरव. हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. हसलो तुझ्यासमोर, तर माफीही समोरच मागायला हवी. उद्या सकाळच्या एसटीने पारनेरला येतोय.

तुझ्याकडून शिकलेला,
सुनील काळोखे