टेबलापर्यंतची पावलं

न्यू टाउन, कोलकाता
१८ सप्टेंबर २०२५

चि. केदारला आईचे अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघं बरे आहोत, म्हणजे बाबांचा गुडघा सोडून. तो आपला स्वतंत्र संसार करतो. समोरच्या मैदानात पूजेच्या मंडपाचे बांबू उभे राहिलेत, त्यामुळे बाबांना फिरायला वळसा पडतो आणि ते रोज नव्याने चिडतात. कालच्या चिडीत येताना हिलसा मासा घेऊन आले. आपल्याकडे कोण खातं, असं मी म्हटलं, तर म्हणाले, "वजन करून झालं होतं, नाही कसं म्हणू?" मग शेजारच्यांची चैन झाली.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, असं तुझ्या मनात येईल. पण मागच्या वेळी मी सियालदहच्या रांगोळीचं काढलं आणि तू म्हणालास, "आई, तव्यावर पोळी करपेल तुझी, ठेव." तव्यावर काही नव्हतं रे. तेव्हापासून सकाळची फुलांची चित्रं तेवढी येतात तुझी. फोन मध्येच ठेवता येतो. पत्राचं तसं नाही, निदान तुझ्या बाबतीत. भेळेच्या कागदावरची अर्धी बातमीसुद्धा तू शेवटपर्यंत वाचायचास.

तर रांगोळी, पहिल्यापासून.

सियालदह स्टेशनच्या मागे एक केंद्र आहे. नशेची सुई टोचून घेणारी माणसं तिथे येतात. अंघोळ करतात, जेवतात, औषध घेतात, कुणी हाकलत नाही. आपल्या मराठी मंडळातल्या अनुराधावहिनींची मुलगी यामिनी ऑफिसातर्फे तिथे मदतीला जाते. जुलैत तिथे हेपॅटायटिस सी ची, म्हणजे यकृताच्या आजाराची, फुकट तपासणी ठेवली होती. "पोस्टर बघून कुणी येत नाही काकू, तुम्ही दारात रांगोळी काढाल का?" असं तिने विचारलं. तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी हो म्हटलं. का म्हटलं, ते येईलच पुढे.

केंद्र सांभाळतो तपोब्रत. एके काळी स्वतः त्याच वाटेने गेलेला, आता केस पिकलेला माणूस. मला माशीमा म्हणतो, म्हणजे मावशी. मी घरून चित्र ठरवून गेले होते, मोठी सुई आणि तिच्यावर लाल फुली. त्याने कागद बघितला आणि हिंदीत म्हणाला, "माशीमा, सुई नको. इथे येणाऱ्याला सुईचं चित्र दिसलं की तोंडाला पाणी सुटतं." बरं म्हटलं, मग चमचा काढते, कापूस काढते, वाटून घ्यायच्या नाहीत त्या वस्तू. तर म्हणाला चमचाही नको, त्यातच तर नशेची पूड तापवतात ते. खालून काळा होतो चमचा.

मी जरा वेळ रंगाचे डबेच लावत बसले.

शेवटी काढलं यकृत. टेबलाच्या पुढ्यात, परातीएवढं. एका बाजूने काजळलेलं, दुसऱ्या बाजूने गेरूचं ताजं. हा आजार वर्षानुवर्षं दुखत नाही, खुपत नाही, आतल्या आत बसून असतो, आणि औषधाने जातोही. सातवी पास बाईला हे लिहून सांगता येणार नाही, पण रंगात दाखवता येतं. दारातून डोकावणाऱ्या एकाने विचारलं, "माशीमा, पपई का ही?" कडेने वस्तरा, दाढीचं पातं, नेलकटर, दात घासायचा ब्रश, ज्याचं त्याचं ज्याच्या त्याच्याजवळ. आणि मग मला सुचलं की रस्त्यापासून थेट टेबलापर्यंत पावलं काढावीत. चातुर्मासात रोज गोपद्मं काढणारा हात, त्याला काय वेळ लागतो. दाराच्या मधोमध पांढरी शुभ्र पावलं, बोटांसकट.

केदार, तासभर एक माणूस आत आला नाही.

बाहेर गर्दी, आत आम्ही. मी तपोब्रतला विचारलं, यांना झालं काय? त्याने एकाला विचारलं, तर तो कानाला हात लावून म्हणाला, "ठाकुरेर पा, माडिये जाबो की कोरे?" देवाच्या पावलांवर पाय कसा देऊ म्हणे. इथे लक्ष्मीची पावलं अशीच काढतात ना. दार अरुंद, पावलं मधोमध, कडेने जायला वीतभरही जागा नाही. जन्मभर मुलांना "रांगोळीवर पाय देऊ नका" म्हणून ओरडणारी मी, आणि मीच दार बंद करून बसले होते. यामिनी इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

पुसायला फडकं शोधलं. मग वाटलं, पुसलं तर यकृतही फिसकटेल. म्हणून मी बाहेर रस्त्यावर गेले, चपला काढल्या आणि माझ्या हिंदी-बांगलाच्या खिचडीत त्यांना सांगितलं, "ही देवाची नाहीत रे, माझी आहेत. मापं बघा." आणि एकेका पावलावर पाय देत आत चालत गेले. पांढऱ्या तळव्यांनी टेबलाशी बसले आणि बोट पुढे केलं. नुसतं आत येऊन परत कसं जायचं? तपासणी म्हणजे काय, तेही त्यांना दिसायला हवं होतं.

माझ्यामागून ते आले. एकामागून एक, फिसकटलेल्या रांगोळीवरून, हसत. खूप छान गेली सकाळ.

माझ्या कार्डावर दुसरी रेघ उठली होती.

आता घाबरू नकोस, मीही घाबरले नाही, म्हणजे घरी येईपर्यंत नाही. सरकारी इस्पितळात शिरेतून रक्त घेऊन पुन्हा तपासलं. आहे. तिथले डॉक्टर म्हणाले, पूर्वी कधी रक्त चढवलं होतं का? तुझ्या आधीचं माझं बाळ गेलं, अकोल्याला, तेव्हा चढवलं होतं. तेव्हा रक्त कुठे तपासत होते यासाठी. बहुधा तिथूनच. गोळ्या रोज, तीन महिने, फुकट. अर्ध्याहून जास्त झाल्या. बाबा सकाळी आठ वाजता बँकेचं शटर उघडावं तसे माझ्यासमोर येऊन उभे राहतात, "घेतलीस?" बहुतेकांचा पुरता बरा होतो. माझाही होणार.

गणपतीत मंडळात मी सगळ्यांना सरळ सांगून टाकलं. अनुराधावहिनींनी माझा मोदक हळूच पदराआड ठेवला. मी म्हटलं, "वहिनी, रक्तातून लागतो तो, नारळातून नाही. खा." खाल्ला बिचारीने. आठवड्याने त्यांचाच फोन, दबक्या आवाजात: "शकुन, माझंही ते एक ऑपरेशन झालं होतं... तुझं ते केंद्र कुठे म्हणालीस?" मी घेऊन गेले. त्यांना नाही निघाला. टॅक्सीत येताना माझा हात सोडला नाही त्यांनी.

आता तुझं.

डॉक्टरांनी मला आणखी एक विचारलं. मुलं आहेत का? म्हटलं, एक, पुण्याला. तर म्हणाले, आईकडून मुलाला क्वचित येऊ शकतो, त्याला तपासून घ्यायला सांगा.

केदार, तू कॉलेजात असताना आपल्या चहाच्या चमच्यांतला एक मला तुझ्या कपाटामागे सापडला होता, खालून काळा. तो मी घासून पुन्हा डब्यात ठेवला. आजही त्यानेच साखर घेते. तू पुण्याला गेलास, आपल्या पायांनी उपचाराला गेलास, त्यातून बाहेर आलास, हे मला कुणी सांगितलेलं नाही, पण माझ्या घरात मला कळत नाही असं थोडं असतं. मे महिन्यात आला होतास ना? कोलकात्याच्या उकाड्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट कुणी उगीच घालत नाही. मी त्याबद्दल विचारणार नाही. तू सांगावंस असंही नाही.

पण लग्न डिसेंबरात आहे. तेजस्विनी गुणी मुलगी आहे, तिच्यासाठी आणि आधी तुझ्यासाठी, एवढं कर. कुठल्याही सरकारी इस्पितळात जा. कशासाठी आलात विचारलं तर सांग, आईला आहे. तेवढं पुरतं, पुढे कुणी विचारत नाही. कार्डावर फक्त रेघ उठते. कुठून आला, ते त्यावर उमटत नाही. मी आहे ना नाव घ्यायला. माझं नाव घे आणि बोट पुढे कर.

नाही निघाला तर दिवाळीला ये. निघाला तरी दिवाळीला ये, गोळ्या घेऊन ये. दोघं मिळून घेऊ, बाबांचं शटर एकदाच उघडेल.

बाबांना माहीत आहे का, असं विचारशील. माझी रेघ उठली त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी बाजारातून तीन नेलकटर आणले. माझ्याला लाल दोरा बांधला, स्वतःच्याला काळा. तिसऱ्याला हिरवा. हा कुणाचा, म्हटलं. पेपर खाली न घेता म्हणाले, "केदार येईल ना."

तो हिरव्या दोऱ्याचा तुझ्या खोलीत खिडकीशी ठेवला आहे.

तुझ्याआधी चालून गेलेली,
आई