सातनंतरचा पाव

रविवार, दुपार

चि. ठमे,

अनेक आशीर्वाद.

माझं बरं चाललंय. गुडघा कुरकुरतो, पण तो पहिल्यापासूनच तक्रारखोर. खिडकीतल्या कुंडीला कळी आली आहे. ती बघून तुझ्या पाचवीच्या पुस्तकातली कविता आठवली. पहिली ओळ मोठ्यानं म्हटली आणि सवयीनं थांबलो. दुसरी ओळ तुझी ना.

पत्र तुझ्या आईच्या हाती देतोय. "दोन गल्ल्यांवर राहून पत्र कसलं?" म्हणाली. म्हटलं, म्हाताऱ्याची लहर.

तिच्याकडून कळलं, काम शिकायला शाळेनंच तुला बेकरीत पाठवलं होतं, तिथून काढून आता कुठल्याशा कचेरीत फायली लावायला बसवलंय, आणि तू घरी तोंड मिटून असतेस. बेकरीत गल्ल्यावर बसतात त्या मावशी दिसल्या की रस्ता ओलांडतेस. "त्यांनीच शाळेत चहाडी केली" म्हणालीस म्हणे.

मावशींनी काही केलेलं नाही, बाळा.

कामाला जाणाऱ्या मुलांनी सातच्या आत सुटायचं, हा शाळेचा नियम चांगलाच आहे. मी शिकवत होतो तेव्हा बाकावर डोकं टेकून झोपणारी पोरं पाहिली आहेत. घरी कुणाची भट्टी, कुणाचं गॅरेज. त्यांना असा नियम मिळाला असता तर त्यांनीही कविता ऐकल्या असत्या. तू आठ-आठ वाजता घरी येतेस हे कानावर आलं, म्हणून मोठ्या बाईंना मी सहज विचारलं.

सहज नाही. मुद्दाम गेलो, धुतलेला सदरा घालून. म्हणालो, "पोरीला रात्रीपर्यंत राबवतात."

आणि त्याच्या आदल्याच संध्याकाळी मी बेकरीच्या काचेबाहेर उभा होतो. तुझा एप्रन खुंटीला होता. तू उलट्या क्रेटवर गुडघे जवळ घेऊन बसली होतीस, भट्टीकडे टक लावून. भट्टीवाल्यांनी फळी ओढली, पाव बाहेर आले, आणि तू त्यातला एक बोटानं दाबून हसलीस. तुझ्या हातानं मळलेला असणार. ते तुला काही करायला सांगत नव्हते. उलट "जा ग आता, आई वाट बघत असेल" म्हणत होते; काचेतून ऐकू आलं.

तू मला आधी सांगितलंही होतंस. "आजोबा, सातला मी काम थांबवते. पुढे फक्त बघते. मळायचं आपण आणि फुललेला बघायचा दुसऱ्यानं, हे काय?"

सगळं ठाऊक असून गेलो. कारण काळजी नव्हती, ठमे. संध्याकाळी दार उघडं टाकून बसायचो आणि जिना वाजायचा नाही. तू पहिल्यांदाच माझ्याशिवाय कशात तरी रमली होतीस. एका पावाचा हेवा केला मी, या वयात.

शुक्रवारी पुन्हा बाईंकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "सातनंतर ती काम करत होती की बसली होती?"

"बसली होती."

"हे तेव्हा का नाही बोललात, सर?"

त्या माझ्याच विद्यार्थिनी.

तिथून बेकरीत गेलो. भट्टीवाले पीठ झटकत म्हणाले, "तिचे पाव पहिल्या खेपेत घालीन. सातच्या आत फुललेले बघेल आणि जाईल. पण गल्ल्यावरची माझी बहीण रोज दाराकडे बघते. पोरीनं आधी तिला हाक मारायला हवी." बाईंना हे कळवलं, त्यांना मान्य आहे. तुला पुन्हा तिथे ठेवायचं पक्कं करायला बुधवारी त्या बेकरीत येणार आहेत.

मावशींना खरं मी सांगितलंय. त्यांनी मला बसायला स्टूल दिलं, यानंच जास्त मेल्यासारखं झालं. आता हाक मारणं तुझ्याकडे.

माझ्याकडे येऊ नकोस, निदान राग आहे तोवर. संध्याकाळी भट्टीपाशीच बस. या पत्राच्या शेवटी नेहमीसारखी कवितेची ओळ लिहिणार होतो. नाही लिहीत. पुढची ओळ तुला म्हणावीशी वाटेल, असं मी वागलो नाही.

मावशींवरचा राग काढून ज्याच्या नावे करायचा,
तो तुझा
आजोबा