जिथे लाटा नव्हत्या

पंचवटी, नाशिक
शुक्रवार, कार्तिक वद्य दशमी
१४ नोव्हेंबर २०२५

चि. यशश्री हिस,
तुझ्या सासऱ्याचे अनेक आशीर्वाद.

नावाआधी ‘सौ.’ लिहिलं होतं, ते खोडलंय. का, ते पुढे कळेल. येवल्याला तुझे आईवडील बरे असतील. इकडे थंडी पडली आहे. रामकुंडावर पहाटे यजमान पाण्यात पाय घालायला कुरकुरतात आणि मी काठावर उभा राहून त्यांना धीर देतो. माझ्या गुडघ्यांचा तर आनंदच आहे! चालायचंच.

फोन करणार होतो. पण तू ‘बाबा’ म्हणालीस की मी हवापाण्याचं बोलून फोन ठेवून देतो. म्हणून कागद घेतला.

मागच्या अमावास्येला शिरोड्याला जाऊन आलो. आपल्या राज्याचा तो जवळजवळ शेवटचा किनारा, पुढे गोवाच. तीन वर्षांत वरून बोर्डीपासून सुरुवात करून खाली येत गेलो. केळवा, मुरुड, गुहागर, वेंगुर्ला. एसटीनं अंग नुसतं खिळखिळं झालं. शैलाआत्या म्हणते, “दादाला म्हातारपणी फिरायची हौस आली.” हौस कसली डोंबलाची! आपल्या धवलचा फोटो खिशात घालून चहावाल्यांना, कोळ्यांना विचारत फिरतो. उंच आहे, डाव्या भुवईवर खोक आहे, कुठे दिसला का? लोक आधी फोटोकडे बघतात, मग माझ्याकडे, आणि बसायला खुर्ची देतात.

तो गेला हे मला कळतं गं. पण देह सापडला नाही, त्यामुळे मन काही ऐकत नाही. गुहागरला उजाडता उजाडता पोचलो. किनाऱ्यावर चिटपाखरू नव्हतं. तरी ओल्या वाळूत पाण्याकडे गेलेली पावलं होती. परत आलेली नव्हती. मी शेजारी माझं पाऊल ठेवून पाहिलं. माझ्याहून दोन बोटं मोठं, धवलचं होतं तेवढंच. खरं सांगू, बरं वाटलं. मी तिथेच बसून राहिलो, पाणी येऊन पावलं पुसून जाईपर्यंत.

आणि प्रत्येक किनाऱ्यावर एक वाक्य ऐकू येतं. अगदी कानाशी. “बाबा, तिकडे कोणीच नाहीये.”

हे वाक्य तू कधी ऐकलेलं नाहीस. तू तेव्हा शहाळी आणायला गेली होतीस. इतका वेळ गुडघे आणि थंडी लिहीत बसलो ते हे टाळायला. आता लिहितोच.

त्या किनाऱ्याचं नाव माझ्या हातून लिहवत नाही. धवल सगळ्या लोकांबरोबर लाटांत उभा होता, गुडघाभर पाण्यात. लाट आली की धडपडत होता, हसत होता. मला ते बघवेना. शेजारी थोड्या अंतरावर पाण्याचा पट्टा अगदी निवांत होता. लाट नाही, फेस नाही. मी ओरडलो, “अरे, तिथे काय आपटून घेतोस? इकडे शांत पाणी आहे, इकडे उतर.” तो म्हणाला, “बाबा, तिकडे कोणीच नाहीये.” आणि मी म्हणालो, “सात पिढ्या गोदावरीच्या काठावर गेल्या आपल्या. मला पाणी शिकवतोस?”

तो गेला. माझा शब्द त्यानं कधी मोडला नव्हता.

संध्याकाळी तिथल्या जीवरक्षकानं मला सांगितलं, लाट फुटते तिथून पाणी आत येतं आणि जिथे शांत दिसतं तिथून सगळं पाणी बाहेर जातं, माणसाला ओढून नेतं. आमच्या पुराच्या नदीत जिथे खळखळाट तिथे भीती. समुद्राचं उलटं निघालं. मला त्याच दिवशी कळलं होतं, यशश्री. तीन वर्षं मी हे पोटात ठेवलं.

शैला तुला घरभर ऐकेल असं म्हणाली, “समुद्राचं खूळ हिचंच. पांढऱ्या पायाची!” मी समोर ताटावर बसलो होतो. मी आमटी वाढून घेतली आणि भात कालवला. तू महिनाभरात येवल्याला निघून गेलीस, तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. लाज वाटते लिहायला, पण वाटलं होतं.

दसऱ्याला तू फोनवर शेखरशी लग्न ठरतंय म्हणून सांगितलंस, धवलचं काय ते रीतसर करून टाका म्हणालीस. मी खेकसलो, “माझा मुलगा आहे अजून!” त्यात धवलची माया थोडी होती, भीती जास्त होती. विधी करायचा म्हणजे चार लोक जमणार, तो कसा गेला ते विचारणार.

शिरोड्याला एक माणूस लहान मुलीला कडेवर घेऊन तसल्याच शांत पट्ट्याकडे निघाला. मी काठी टाकून धावलो, त्याचा दंड धरला. तो चिडला, “तुम्हाला काय माहीत, आजोबा?” मी म्हणालो, “मी माझ्या मुलाला तिथेच पाठवलं.” पहिल्यांदा तोंडातून निघालं, तेही परक्यापुढे. तो मागे फिरला. मुलगी माझ्याकडे बघून रडायला लागली. परक्याला सांगितलं आणि तुला नाही, हे तेव्हापासून मला झोपू देत नाही.

येत्या गुरुवारी, अमावास्येला, गोदाकाठी धवलचा पालाशविधी करतोय. ज्याचा देह मिळत नाही त्याच्यासाठी पळसाच्या पानांचा नि दर्भाचा देह करून अग्नी देतात. दुसऱ्यांच्या मुलांसाठी मी हे मंत्र कितीदा सांगितले, आवाज कधी हलला नाही. या वेळी मंत्र सोमनाथगुरुजी सांगतील. तू यायलाच हवं असं नाही. तू शेखरशी लग्न कर. माझी परवानगी तुला नकोच होती, तरी देतोय.

या पत्राची एक प्रत शैलाला पाठवली आहे. गुरुवारी सगळे भाऊबंद जमले की विधीआधी मी हेच तोंडानं सांगणार आहे. माफी मागत नाही. मागितली तर तू देऊन मोकळी होशील, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे.

तो आवाज अजून येतो. येऊ दे.

धवलला त्या पाण्यात पाठवणारा,
ढुंढिराज