मासोळी सरळ का पोहत नाही

प्रिय इल्पोदादा,

तुला आणि सैयावहिनींना नमस्कार. तुझी कंबर आता कशी आहे, तुर्कूतलं बर्फ गेलं का, वहिनींच्या आईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट पार पडलं ना, हे सगळं मी मनापासून विचारते आहे. पुढच्या मजकुराची ही प्रस्तावना आहे असं समजू नकोस. (आहेच. पण विचारणं खरं आहे.) इकडे बाबा बरे आहेत. मीही बरी आहे, म्हणजे शाळेच्या पुस्तकांची मुद्रितं तपासते, राय धान्याचा काळा पाव आणते, वाटाण्याचं सूप करते आणि संध्याकाळी जेवणाच्या टेबलावरच पेंगते. फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण एरवी हाक मारून घसा बसला तरी न ऐकणारे बाबा मी फोन उचलला की दोन खोल्यांपलीकडून सगळं ऐकतात.

विषय मासोळीचा आहे. तू हे पत्र वहिनींना वाचून दाखवशील, म्हणून थोडं त्यांच्यासाठी लिहिते. वहिनी, तुम्ही लग्नाला इतकी वर्षं होऊनही या प्रकारापासून अलिप्त राहिलात, याचं मला कौतुक वाटतं. बाबा पाइनच्या जाड सालीतून बोटाएवढी मासोळी कोरतात. आतून आरपार तार, पोटात शिशाचा थेंब, अंगावर चॉकलेटच्या कागदाची चांदी, त्यावर रंग, त्यावर वार्निशचे इतके थर की घरात जेवणालाही तोच वास येतो. हनुवटीखाली प्लास्टिकची जिभली आणि नाकात त्याच तारेची कडी. गळ लावून ती वल्हवत्या नावेमागे ओढली, की तिने जिवंत असल्यासारखं वळवळत सरळ जायचं असतं. डावीकडे सटकली तर पकडीने कडी केसभर उजवीकडे वळवायची, उजवीकडे सटकली तर डावीकडे. या केसभरात माझा पूर्ण वसंत गेला आहे.

दादा, तुला आठवत असेल, बाबांनी शरदातच जाहीर केलं होतं (जाहीर म्हणजे, कॉफी पिताना खिडकीकडे बघून एकदा म्हणाले) की पुढची मासोळी सरळ पोहली नाही तर हात संपला असं समजायचं आणि नाव शेजारच्या कालेर्वोकाकांना देऊन टाकायची. त्या दिवसापासून कालेर्वोकाका रोज सकाळी कॉफीला येतात. वेलदोड्याचा पाव कॉफीत बुडवतात, बाबांची चौकशी करतात आणि जाताना छपराखाली पालथ्या घातलेल्या नावेवरून हात फिरवतात. परवा तर त्यांनी नावेला लावायच्या डांबराचा डबाही आणला. मला म्हणाले, “मार्युत, असाच स्वस्तात मिळाला.” वाईट माणूस नाही. पण एखाद्याच्या दातांची चौकशी करताना त्याच्या ताटाकडे बघावं, तसं ते बघतात.

नाव गेली तर बाबा काय करतील, हे मी रोजनिशीत तीन-चार वेळा लिहायला घेतलं आणि खोडलं. काही करणार नाहीत. खिडकीशी बसतील. म्हणून मासोळी सरळ पोहलीच पाहिजे, असं मी ठरवलं. तळं अजून गोठलेलं, त्यामुळे चाचणी गोठ्यात. आपल्या गाई गेल्या तरी त्यांचा पाण्याचा लांब हौद आहेच. बाबा दुपारी आडवे झाले की मी गोठ्यात जाऊन मासोळी दोरीने ओढून बघायचे. डावीकडे जायची. मी कडी केसभर उजवीकडे वळवायचे आणि गुपचूप खिळ्याला टांगून ठेवायचे. दुसऱ्या दिवशी बघावं तर पुन्हा डावीकडे. मी पुन्हा उजवीकडे. बाबांना सांगावं असं मनात आलं. पण काय सांगणार? तुमचं काम मी तपासते म्हणून? (जन्मभर लोकांच्या चुका दुरुस्त करून पोट भरलं की माणसाला दुरुस्ती म्हणजे प्रेमच वाटू लागतं. हे मी स्वतःविषयी लिहिते आहे. तुझाही थोडा संबंध आहे, पण ते खाली.)

एक दिवस बाहेरच्या बाकावर दोघे म्हातारे ऊन खात बसले होते आणि मी आत भांडी घासत होते. बाबा म्हणाले, “सरळ करून ठेवतो. परत बघतो तर वाकडी.”

“तार खराब असेल,” कालेर्वोकाका म्हणाले.

“तार चांगली आहे. मी सरळ केली असं मला वाटतं, पण केलेली नसते. डोकंच गेलंय, कालेर्वो.”

बाक करकरला. मग कालेर्वोकाका म्हणाले, “नाव मात्र चांगली आहे.”

इतकं ऐकूनही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही, दादा. मी भांडी पुसली आणि ठरवलं, की बाबांना खरंच विस्मरण होतंय, तेव्हा आपण आणखी जपून दुरुस्ती केली पाहिजे. कडी मऊ पडत चालली होती. ती आपल्यामुळे मऊ पडते आहे, ही शंका मला आली होती. मी ती बाजूला ठेवली.

गुरुवारी कडी कट्‌कन तुटली. माझ्या हातात. मी पकड धरून हौदाशी उभी, मासोळी पाण्यात तरंगते आहे, आणि दारात बाबा. मी प्रकाशकाशी फोनवर असेन असं समजून आले होते. त्यांच्याही हातात पकड होती.

“किती दिवस?” बाबांनी विचारलं.

“रोज.”

“कुठल्या बाजूला?”

“उजवीकडे.”

“मी डावीकडे,” बाबा म्हणाले, आणि दुधाच्या पालथ्या किटलीवर बसले. मी रडणार होते, पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून थांबले. हातातली पकड मांडीवर ठेवून ते म्हणाले, “म्हणजे माझं डोकं ठिकाणावर आहे.”

“हो, बाबा.”

“तुझं नाही.”

मग उलगडा झाला. मी डावखुरी, म्हणून हौदाच्या भिंतीकडच्या बाजूने चालत दोरी ओढायचे. बाबा खिडकीकडच्या बाजूने. आपण ज्या बाजूने ओढू त्या बाजूला मासोळी येणारच, बिचारीचा काय दोष? मासोळी बहुधा पहिल्यापासून सरळच होती. आम्ही दोघांनी मिळून, एकमेकांना कळू न देता, एका निरोगी मासोळीचं नाक उपटलं.

ती आता गेलीच, कारण तार बदलायची तर साल फोडावी लागते. बाबांनी त्याच दुपारी नवी कोरायला घेतली. कोरताना त्यांचा हात थरथरत नाही, रंगाला थरथरतो. हे मला माहीत होतं आणि मला माहीत आहे हे त्यांना माहीत होतं. काल त्यांनी मासोळी माझ्यापुढे सरकवली आणि खिडकीकडे बघून म्हणाले, “डोळे तू काढ.” दादा, या घरात इतकं मोठं वाक्य आई गेल्यापासून कोणी बोललं नव्हतं. खिळ्याचं डोकं काळ्या रंगात बुडवून मी टेकवलं. एक डोळा मोठा झाला. बाबांनी मासोळी उजेडाला धरली. “घाबरल्यासारखी दिसते,” म्हणाले. मी पुसायला लागले, तर हात धरला. “राहू दे. माशाला घाबरलेलीच पकडावीशी वाटते.”

आज सकाळी आम्ही दोघं हौदाच्या टोकाशी, अगदी समोर उभे राहिलो. बाबांनी दोरी ओढली. सरळ आली. कोणी कडीला हात लावला नाही. मग आत जाऊन कॉफी प्यायलो. कालेर्वोकाकांना अजून कोणी काही सांगितलेलं नाही. ते आजही नावेवरून हात फिरवून गेले.

मी फार थकले आहे. या मासोळ्यांचा मला मनस्वी कंटाळा आला आहे आणि यापुढे त्यांच्याशी माझा काहीएक संबंध नाही, हे तुला लेखी कळवण्यासाठीच हा पत्रप्रपंच.

तुझी धाकटी बहीण,
मार्युत

ता. क. – वहिनींना सांग, चॉकलेटची चांदी टाकू नका. चुरगळलेली चालेल, सोनेरी नको. पुढच्या मासोळीचं पोट मला थोडं वेगळं करून बघायचं आहे.

आणखी एक – धक्क्याशी पाणी दिसू लागलं आहे. कालेर्वोकाकांच्या मते मेच्या पहिल्या शनिवारी तळं मोकळं होईल. बाबांना उजव्या खांद्याने वल्हं ओढवत नाही, आणि मला वल्हवता येत नाही. त्यांनी काही मागितलेलं नाही. मीही मागत नाही. फक्त शनिवार कळवते आहे.

शेवटचं – बाबा म्हणतात, दोघांच्या हातांनी ती तार एवढ्यात तुटली नसती, तिसरा हात लागलेला आहे. मागच्या वेळी आलास तेव्हा सौनाच्या वाफेत बसून झाल्यावर तू गोठ्याचं छप्पर बघायला म्हणून गेलास आणि तुझी कॉफी गार झाली, ते मला आता आठवतं. या घराच्या छपराची तू जन्मात कधी चौकशी केलेली नाहीस. हौदामागे निळ्या मुठीची पकड सापडली. बाबांनी ती पुसली, तेल लावलं आणि त्यांच्या आणि माझ्या पकडीशेजारी तिसरा खिळा ठोकून टांगली. येताना दुसरी आणू नकोस.