मिटलेल्या डोळ्यांची बाई

ब्रूज, ४ फेब्रुवारी १८९७

चि. सौ. नेल हिस, ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझा मधाचा केक पोचला. निम्मा मी खाल्ला, निम्मा यांनी, तोही उभ्या उभ्या. हल्ली आमच्या चित्रकार महाशयांना घरात बसवत नाही.

तुला म्हणून सांगते, मला या माणसाचा संशय येतोय. दर गुरुवारी गाडीने तुमच्या गेंटला जातात. विचारलं तर म्हणे तिकडचा निळा रंग चांगला. इतकी वर्षं आमच्या गल्लीतल्या निळ्यावर भागलं, तेव्हा नाही आठवलं! जाताना दाढी काय, धुतलेली कॉलर काय. रंगवाल्याकडे कोण नटून जातं? परत येतात तेव्हा कोटाला कॉफीचा वास. चित्रशाळेला कुलूप. दाराच्या फटीतून एकदा दिसलं ते एवढंच, डोळे मिटलेली एक तरुण बाई.

वर्तमानपत्रातले शहाणे यांच्या डोळे मिटलेल्या बायांवर रकानेच्या रकाने लिहितात. एकाला त्यात आत्मा दिसतो, दुसऱ्याला मृत्यू. मला त्यात एखादी भवानी दिसते. माझा अवतार कसा झालाय कोण जाणे, घरातला आरसा झाकलेलाच आहे. तू त्याच गावात आहेस. एका गुरुवारी आमच्या या सेव्हेरेनवर जरा पाळत ठेव.

तुझ्या पीटरना नमस्कार. आहे ती माया कमी करू नकोस.

तुझी ताई,
गोडेलीव


गेंट, १२ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस, नेलचा सा. न. वि. वि.

ताई, काय हे! तुझ्या सांगण्यावरून काल भर थंडीत भावोजींच्या मागे चोरासारखी फिरले. रंगाच्या दुकानात शिरले, बाहेर आले, स्टेशनकडे गेले. झालं. भावोजींना बाई सांभाळणं जमेल का गं? त्यांना छत्री सांभाळता येत नाही. तेव्हा तू आपली निवांत लेस विण. फक्त त्यांच्या खोकल्याकडे बघ. रात्री छातीत दुखतं म्हणे. गळ्याला लोकर गुंडाळायला सांग.

पीटर मजेत. धाकटीवरचा राग पत्रापुरताच असू दे.

तुझी,
नेल


ब्रूज, १९ फेब्रुवारी

पेत्रोनेल,

रस्त्यापलीकडून पाळत ठेवणाऱ्या बाईला त्यांचं रात्रीचं छातीतलं दुखणं कसं कळलं?

काल हे गेंटला गेले आणि चित्रशाळेची किल्ली जुन्या कोटात विसरले. मी आत जाऊन चित्र पाहिलं. हनुवटी तुझी, मान तुझी. लहानपणी त्या केसांच्या वेण्या मी घातल्यात, मला शिकवू नकोस. आणि डोक्यावर ओढणी माझी! काठ अर्धवट, कोपऱ्यातला एक हंस उलट्या तोंडाचा. विणताना नक्षीची टाचणी चुकीच्या भोकात टोचली म्हणून तो उलटला होता. ब्रूजमध्ये तसा दुसरा हंस नाही. ती ओढणी मी तुला चर्चमधल्या माउलीच्या मूर्तीला घालायला दिली होती. जिच्या पहिल्या ख्रिस्तप्रसादासाठी ती विणायला घेतली, तिचं नाव मी घेत नाही हे तुला ठाऊक आहे. ती तू डोक्यावर घेऊन माझ्या नवऱ्यासमोर बसलीस?

लेसची कात्री टेबलावर काढून ठेवली आहे. खरं काय ते लगेच कळव. नाहीतर चित्राच्या चिंध्या करीन आणि बेगीन बायांच्या मठात राहायला जाईन. तुम्हा दोघांचं तोंड बघणार नाही.

गोडेलीव


गेंट, २० फेब्रुवारी

ती. सौ. ताईस सा. न.

कात्री खाली ठेव आणि हे शेवटपर्यंत वाच.

हो, मी बसते. आमच्या स्वयंपाकघरात, पीटरसमोर, दर गुरुवारी. खोटं बोलले, कारण भावोजींनी शपथ घातली होती. पण ताई, ते चित्र माझं नाही. ते तुमच्या मिल्केचं आहे.

घटसर्पाने ती गेली तेव्हा सात वर्षांची होती. त्यानंतर भावोजी दर वर्षी तिला एक वर्षाने मोठी करून काढतात. ती कमळ धरलेली मुलगी, ती कालव्याकाठची, सगळ्या मिल्केच. यंदा ती एकोणीस वर्षांची झाली असती. हनुवटी आपल्या घराण्याची, म्हणून माझी घेतली. ओढणी मूर्तीला घालायचा मला धीर झाला नाही, पेटीत ठेवली होती. ती पाहून भावोजी खूप रडले.

आणि ते डोळे! त्यात आत्माबित्मा काही नाही गं. मिल्केचे डोळे तुझ्यावर गेले होते. भावोजी म्हणतात, आठवणीने काढले की लहान मुलीचेच होतात, मोठेपणी कसे झाले असते ते गोडेलीवकडे बघूनच कळेल. पण त्यांनी बघितलं की तू मान फिरवतेस. तिचं नाव काढलं की ताटावरून उठतेस. मातीनंतर सगळे आरशावरचं काळं कापड काढतात, तू ते शिवून टाकलंस. म्हणून ते बिचारे डोळे मिटूनच ठेवतात.

आता मारायचं तर मला मार.

तुझी,
नेल


ब्रूज, २६ फेब्रुवारी

चि. सौ. नेल हिस, अनेक आशीर्वाद.

कात्री वापरली. आरशाच्या कापडाची शिवण काही केल्या सुटेना.

म्हातारी झाले गं मी. पण डोळे आहेत तसेच आहेत. खूप वेळ बघत होते. मग वर जाऊन चित्रशाळेचं दार वाजवलं, यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले आणि म्हटलं, मिल्केचे डोळे काढा. यांनी खिडकीचा पडदा सारला आणि ब्रश उचलला. मी मान फिरवली नाही.

आता गुरुवारी ते तिकडे येणार नाहीत. ओढणी तेवढी नीट गुंडाळून पाठव. तिचा काठ पुरा करायचाय. हंस मात्र उलटाच राहू दे म्हणतात हे.

तुझ्यावर उगाच आळ घेतला. पोटात घाल, आणि पूर्वीसारखीच हक्काने भांडत राहा.

तुझी ताई,
मिल्केची आई