आडवे थर

होसूर,
३ नोव्हेंबर २०२५

ती. स्व. दुर्गेश्वरीताईस, रोशनचा सा. न. वि. वि.

फोन काऊन नाही केला म्हणशील. खोलीत भोजराजभाऊ बाजूलेच झोपतो अन् गोष्ट त्याचीच आहे.

आमी इथं कार्बनच्या धाग्याच्या पाट्या बनवतो. केसाहून बारीक काळे धागे, चिकट राळेत भिजवलेले, थरावर थर ठेवून भट्टीत दाबाचे. बॅटरीची गरमी त्या पाटीतून बाहेर निघते. ताई, गरमी धाग्याच्या लांबीनं पळते, आडवी पळत नाही. हे मले आता समजलं. तवा भोजराजभाऊनं एवढंच सांगितलं होतं का सगळे थर एकाच दिशेनं ठेव. मले वाटलं, अशी पाटी चिरून जाईल. पुंजणा रचताना आपण धानाचे भारे आडवे-उभे ठेवतोच ना, घसरू नये म्हणून? मी तसेच एकाआड एक थर आडवे टाकले. चाळीस पाट्या. वरून काही दिसत नाही.

तपासणीत पाटीचं एक टोक तापवलं त दुसरं पाहिजे तेवढं तापलंच नाही. कागदावर सही भोजराजभाऊची. साहेब म्हणते, यानं जुना माल लावला. त्याले काम बंद करून बसवून ठेवलं आहे, वीस तारखेले काढून टाकतील. मी गप्प आहो. ज्यानं मले इथं आणलं त्याच्याच ताटात जेवून राहिलो. काय करू?

उत्तराची वाट पाहतो. हे वाचूनही लोभ राहू दे.

तुझा,
रोशन


सडक अर्जुनी,
११ नोव्हेंबर २०२५

चि. रोशनले ताईचे अनेक आशीर्वाद.

धान कापून झालं. बाबाचा खोकला कमी आहे.

भोजराजची चेतना रोज सांजेले येते. नवऱ्यानं लबाडी केली असं तिच्या सख्ख्या भावानं तिले तोंडावर सुनावलं. ती माह्या चुलीपाशी रडते, मी चहा देते अन् तुझं पत्र तिथंच तांदळाच्या डब्यात. मले लबाड कायले बनवून राहिला रे?

पाट्या बनवणाऱ्याले पुंजणा शिकवाले निघाला एवढा शहाणा तू, मग साहेबापर्यंत पाय काऊन नाही उचलत? नोकरी गेली त घरी ये, आमी काही हाकलत नाही. पण वीस तारखेनंतर तिनं दार वाजवलं त मी कोणत्या तोंडानं उघडू?

आधी सांगून टाक, मग लिही. माया आहे तशीच आहे.

तुझी,
ताई


होसूर,
१८ नोव्हेंबर २०२५

ती. स्व. ताईस, सा. न. वि. वि.

पत्र काल मिळालं. पहिले भोजराजभाऊले सांगितलं. तो तसाच डबा घासत राहिला. मग साहेबापाशी गेलो. त्यायले खरंच वाटेना. दोस्ती निभावून राहिला का, असं हिंदीत विचारलं. मी म्हटलं, पाटी कापून पाहा. कापली, भिंगाखाली ठेवली. एक थर उभा, एक आडवा. हे कुठं शिकला म्हणून विचारलं, मी म्हटलं शेतात. साहेब हसले अन् हात पुढं करून गेटचं कार्ड मागून घेतलं.

भोजराजभाऊ आज कामावर गेला. माह्याशी अजून बोलत नाही. हिशेब झाला का पुढच्या शुक्रवारच्या, अठ्ठावीस तारखेच्या गाडीनं मी येऊन राहिलो.

चेतनावहिनीले तू काही सांगू नको. घरी यायच्या आधी तिच्या दारात जाऊन मीच सांगीन, तिच्या भावालेही तिथंच बोलावीन. जेवायले माह्यासाठी थांबू नको, किती वेळ लागेल माहीत नाही.

बाबाले नमस्कार. रागावली असशील तरी माया सोडू नको.

तुझा,
रोशन