डाग भरतोय

१२ ऑक्टोबर, नागाव
आले बाई एकदाची! सोलापूरच्या धुळीतून थेट नारळ-सुपारीच्या वाडीत. काम म्हणजे होमस्टेचं बुकिंग सांभाळायचं, पाहुण्यांना खोल्या दाखवायच्या आणि घावने संपत आले की स्वयंपाकघराकडे बघून ओरडायचं. मालकीण ठमीकाकी तोंडाने फटकळ, पण पहिल्याच जेवणात माझ्या ताटात सुरमईचा सगळ्यात मोठा तुकडा पडला. तिचा मुलगा हितेश किनाऱ्यावर बनाना बोट चालवतो. मला बघून तो बोटीची दोरी बांधायचीच विसरला, आणि ही बातमी काकीनेच अख्ख्या आळीला दिली. माझी खोली वाडीच्या टोकाला आहे. समुद्र दिसत नाही, पण ऐकू येतो.

२ नोव्हेंबर
हितेशने लग्नाचं विचारलं. मी आधी ओढणी बाजूला केली आणि डाव्या खांद्यावरचं कोड दाखवलं, गळ्याच्या हाडापर्यंत आलेलं. म्हटलं, नीट बघून घे, मागाहून कटकट नको. तो म्हणाला, एवढंच ना? मला रडूच फुटलं, मग रडवलं म्हणून त्यालाच झापलं.

आईला मात्र इतक्यात सांगायला नको, म्हणाला. कोडामुळे कुणाची सोयरीक मोडली याच्या गोष्टी इथे अजून चघळतात. माझं माहेर लांब, म्हणून दोन्हीकडची हळद इथल्याच अंगणात, फेब्रुवारीत. आळीतल्या साऱ्या बायका माझ्या गळ्याला, खांद्याला हळद चोळणार. तोवर हा डाग जायलाच हवा, नाहीतर भर मांडवात माझी शोभा.

१५ नोव्हेंबर
मुंबईची प्राप्ती राहायला आली आहे. शरीरसौष्ठवाच्या स्पर्धांत उतरते. दिवसभर पंख्याखाली लोळते, तरी रंग तांब्यासारखा! खोदून विचारलं तर म्हणाली, पोटाला इंजेक्शन घेते, रंग आतून येतो. बाटलीवर ना कंपनीचं नाव, ना तारीख. आत नुसती पांढरी भुकटी, ती पाण्यात कालवून टोचायची. या औषधाला मंजुरी नाही, हेही तिनेच हसत सांगितलं. स्पर्धेवाले सर्रास घेतात म्हणे.

माझ्या डोक्यात एकदम लख्ख! काळं करणारं औषध म्हणजे पांढरं भरणारच की. सोलापूरच्या डॉक्टरीणबाई सांगायच्या, कोडात रंग परतला तर ठिपक्याठिपक्यांनी परततो. त्यांना विचारलं तर नको म्हणतील, म्हणून विचारलंच नाही.

२० नोव्हेंबर
प्राप्तीने जाताना एक बाटली दिली, त्यातली पहिली सुई टोचली. तोंड लालबुंद, पोटात ढवळतंय, जांभया तर थांबायचं नाव घेत नाहीत. बोंबलाच्या वासानेच उठून गेले. काकीने डोळे बारीक करून बघितलं. तिला भलतीच शंका आली असावी, अगं बाई!

८ डिसेंबर
जो तो म्हणतो, किनाऱ्याच्या उन्हाने पोर करपली. काकीने समुद्रावर जायची बंदी घातली आहे आणि रोज स्वतः माझ्या तोंडाला बेसन-दही फासते. मी आठवडाभर उंबऱ्याबाहेर पडलेले नाही, हे कसं सांगू? चेहरा, हात, ओठसुद्धा काळवंडले. आणि डाग? जसाच्या तसा पांढरा. भोवती सगळं काळं झालं म्हणून जास्तच उठून दिसतो, मेला. प्राप्तीला फोन केला. ती म्हणाली, दुप्पट घे. नव्या बाटल्या कुरिअरने येतायत.

२७ डिसेंबर
पाहुण्यांनी घर भरलंय, मला मात्र आरशापुढून हलवत नाही. पाठीवर तीळ, गालावर तीळ, काल नव्हते तिथे आज. जुना मानेवरचा मोहरीएवढा होता, तो वाटाण्याएवढा झालाय. हितेश म्हणाला, बस कर आता, मला तशीच आवडतेस. मी त्याच्या अंगावर ओरडले. तुला काय जातंय बोलायला, मांडवात मी बसणार आहे!

९ जानेवारी
ठिपका! पांढऱ्याच्या मधोमध, काळा कुळकुळीत! भरायला लागलं! मी खोलीत एकटीच नाचले. हितेशला ओढत आणून दाखवला. तोही हसला, पण जरा उशिराने.

२२ जानेवारी
ठिपका वाढतोय. कडा वेड्यावाकड्या, एका बाजूला निळसर. खाज सुटते.
दुसरे ठिपके कुठे आहेत? एवढा एकच का?
हितेश म्हणतो, अलिबागला डॉक्टरकडे जाऊ. हळद होऊ दे. मग जाऊ.

३ फेब्रुवारी
सुया बंद केल्या. घाबरले. खरंच घाबरले.
तो थांबला नाही. आज कुर्त्याला रक्त लागलं. काखेत गाठ आहे, कडक, दाबली तरी दुखत नाही.
बाकी डाग तसाच पांढरा. म्हणजे हे भरणं नव्हतंच—

९ फेब्रुवारी
डॉक्टरीणबाईंना फोटो पाठवला. लगेच त्यांचा फोन. उचलला नाही. पुन्हा वाजला. पुन्हा. फोन पिठाच्या डब्यात टाकला, तिथेही वाजतोय—
हळदीपर्यंत. तेवढंच.

१२ फेब्रुवारी, हळद
अलिबागला डॉक्टरकडे न्यायला हितेश गाडी काढतोय. तोवर लिहिते.
काकीने माझा पदर सरकवला. मी डोळे मिटले. आता ओरडेल— नाही. तिचा हात पांढऱ्यावरून फिरत राहिला. कानात म्हणाली, हे तू आलीस तवाच बघितलंय पोरी, नळावर केस धूत व्हतीस. त्याला काय व्हतंय, काय न्हाय व्हत.
मग हात थांबला. हळदीत रक्त. बायकांची गाणी बंद.
दाराशी उभी आहे ती, हळदीचे हात तसेच. रडतेय. एकच विचारते, हे काळं कशानं झालं, पोरी, कशानं—
काकी, तुम्ही मला नको म्हणाल म्हणून मी—